पावणेतीन इंच

व्हर्लिनला नाही म्हणणं मला जमत असतं, तर मी त्याच्याशी लग्नच केलं नसतं. लग्न एकोणीस वर्षं टिकलं आणि मोडून एकोणीस वर्षं झाली, तेव्हा आता तरी बरोबरी झाली असं मी धरून चालले होते. पण आमच्या एल्डन लेकसारख्या गावात घटस्फोट म्हणजे नुसती दोन घरं. किराण्याचं दुकान तेच, चर्च तेच, चर्चनंतरची पातळ कॉफीही तीच. आणि पट्टी वाकवून द्यायला, भोक पाडून द्यायला, वेल्डिंगचा टाका मारून द्यायला गावात माणूस एकच, ती म्हणजे मी. धान्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मी एकतीस वर्षं लोखंड वाकवलं. निवृत्त झाल्यावर घराच्या गॅरेजात लोखंड पकडायचा व्हाइस, ड्रिल आणि गॅसच्या नळ्या मांडल्या. तेव्हापासून ज्याचं काही मोडतं तो आमच्या दारात येतो.

मंगळवारी सकाळी व्हर्लिन आला. चालत आला, तेही उन्हाचा, मैलभर.

‘‘मार्लिस, आहेस का?’’

दार सताड उघडं, मी समोर उभी, आणि हा विचारतोय आहेस का.

‘‘नाही, गावाला गेलेय. काय पाहिजे?’’

त्यानं बाकावर एक फडकं ठेवलं आणि हळूच उलगडलं. आत वीतभर लांबीची काळी लोखंडी पट्टी होती. वर दोन भोकं, खाली एक, मधे जरासा बाक. मी ती लगेच ओळखली. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याचा पाय ज्या दांडीवर टेकतो, ती दांडी धरून ठेवणारं डाव्या बाजूचं ब्रॅकेट.

‘‘याचा उजवा जोडीदार पाहिजे,’’ तो म्हणाला. ‘‘रविवारच्या आत.’’

ही मोटारसायकल म्हणजे एक्कावन्न सालची इंग्लिश गाडी, एका सिलिंडरची. आमच्या लग्नाच्याही आधीपासून त्याच्याकडे होती. मी घर सोडलं त्याच वर्षी तिचं इंजिन जाम झालं. दोन्हींचं दुःख त्याला सारखंच झालं असावं, फक्त इंजिन त्यानं पुन्हा उघडलं. गेली अकरा वर्षं तो ती गाडी नटबोल्टापासून उभी करत होता, आणि अकरा वर्षं अख्ख्या गावाचं डोकं खात होता. तिचे आटे जगातल्या कुठल्याच दुसऱ्या नटाला बसत नाहीत. रंग काळा, पण काळ्यातला नेमका कोणता काळा यावर त्यानं अडीच वर्षं घालवली. कंपनीनं त्या काळी छापलेलं सुट्या भागांचं पुस्तक त्याच्याकडे आहे, आणि त्या पुस्तकात नाही ते गाडीवर दिसलं की हा माणूस रात्रभर झोपत नाही.

आता गाडी तयार होती. रविवारी जुन्या मोटारसायकलींच्या क्लबची तळ्याभोवतीची फेरी होती, बावीस मैलांची. आमच्या क्लबात जुनी रीत आहे. जी गाडी स्वतःच्या चाकांवर तळ्याला वळसा घालत नाही तिला ते गाडी म्हणत नाहीत, फर्निचर म्हणतात. फेरीच्या आधी अध्यक्ष ऑर्डेल पुस्तक घेऊन एकेक भाग तपासतो. एक जरी गळालेला सापडला तरी नंबराचा कागद मिळत नाही. आणि सोमवारी कौंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, संग्रहालयाची व्हॅन येऊन व्हर्लिनची गाडी कायमची घेऊन जाणार होती. त्यानं ती त्यांना देऊनच टाकली होती. गॅरेजात जागा नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. म्हणजे अकरा वर्षांच्या खटाटोपानंतर ती गाडी रस्त्यावर धावणार फक्त एकदा, रविवारी. आणि अडलं होतं ते या एका ब्रॅकेटपाशी.

‘‘हे उजवं कधी तुटलं, आठवतं का तुला?’’ मी विचारलं.

‘‘असेल कधीतरी.’’

‘‘मी सांगते. कौंटीच्या जत्रेहून येताना, रेल्वेच्या रुळांवर. त्यानंतर सहा वर्षं मी उजवा पाय हवेत धरून बसले तुझ्या मागे. मी बनवते म्हटलं तर म्हणायचास थांब, ओरिजिनल मिळेल. हा बघ सायलेन्सरचा चटका. बघ!’’ मी पँटचा पाय वर करून पोटरीवरचा डाग दाखवला.

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत राहिला. लाज वाटली असेल, असं मला वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

‘‘तेव्हा ओरिजिनल मिळत नव्हतं,’’ तो म्हणाला.

‘‘मग आता कुठं मिळालंय?’’

‘‘म्हणून तर तुझ्याकडे आलो ना.’’

सहा वर्षं माझ्या पायासाठी जे बनलं नाही, ते आता ऑर्डेलच्या पुस्तकासाठी बनवायचं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं, मग फडक्यासकट ते ब्रॅकेट ठेवून घेतलं आणि त्याला कॉफी दिली. माझं हे नेहमीचंच आहे. राग माझ्या तोंडात असतो, तो हातापर्यंत कधी उतरतच नाही.

पहिलं ब्रॅकेट माझ्याच मूर्खपणानं गेलं. डावं ब्रॅकेट पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं गिरवलं, पुठ्ठा उलटा केला आणि त्याबरहुकूम पाव इंची पट्टी कापली. कुणीही असंच करेल. बुधवारी त्याच्या गॅरेजात जाऊन लावून पाहिलं तर ते थेट सायलेन्सरवर जाऊन बसलं. सायलेन्सर असतो फक्त उजव्या बाजूला, तेव्हा उजव्या ब्रॅकेटला बाहेरून वळसा घालून यावं लागतं. ज्या सायलेन्सरनं मला पोटरीवर शिक्का मारला तोच मी विसरले! एकतीस वर्षं लोखंड वाकवलेल्या बाईनं हे करावं? मी कपाळावर हात मारून घेतला.

‘‘मी तुला सांगणारच होतो,’’ व्हर्लिन म्हणाला.

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘तुला सांगितलेलं आवडत नाही.’’

दुसरं ब्रॅकेट मी गुरुवारी केलं आणि जीव ओतून केलं. त्याचं ते पवित्र पुस्तक मागून आणलं, त्यातलं चित्र भिंगाखाली धरलं आणि बाक कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते पाहिलं. पट्टी गॅसच्या ज्योतीवर लाल केली, व्हाइसमधे धरून एकदा बाहेर वाकवली, पुन्हा लाल करून आत आणली. सायलेन्सर आणि ब्रॅकेटच्या मधे करंगळी जाईल एवढी जागा सुटली. कानस मारून कडा मोडल्या. संध्याकाळी नेऊन गाडीला लावलं, तर बोल्ट हातानं फिरत आत गेले. कारखान्यात असं काम झालं की आमचा सुपरवायझर काही न बोलता पुढच्या बाकाकडे जायचा. तीच आमची शाबासकी.

व्हर्लिननं त्याच्यावरून अंगठा फिरवला. वरून, खालून, पुन्हा वरून. त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

‘‘दोन इंच खाली पाहिजे,’’ तो म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘पायाची दांडी. आणखी दोन इंच खाली यायला पाहिजे.’’

‘‘अरे, पुस्तकात...’’

‘‘पुस्तक चुकलंय.’’

मला वाटलं मला ऐकू कमी यायला लागलंय. पुस्तकात चपटा वायसर आहे म्हणून ज्यानं एका चांगल्या घट्ट बसलेल्या नटाखालून स्प्रिंगचा वायसर काढून फेकला होता, तो माणूस हे बोलत होता!

‘‘आणि डावं पण नवीन कर,’’ तो पुढे म्हणाला. ‘‘तेही दोन इंच लांब. जोडी सारखी दिसली पाहिजे. ऑर्डेलचं काही नाही, पुस्तकात लांबी छापलेली नाही, नुसतं चित्र आहे.’’

‘‘म्हणजे तुझ्याकडे असलेलं ओरिजिनल काढून टाकायचं?’’

‘‘हो.’’

‘‘व्हर्लिन, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? उद्या म्हणशील चाक चौकोनी कर!’’

‘‘करणार आहेस का नाही ते सांग.’’

‘‘नाही!’’ मी म्हटलं आणि दार आपटून निघाले. पिकअप सुरू करताना लक्षात आलं की त्याचं पुस्तक माझ्याच काखेत राहिलंय.

शुक्रवारी दुपारी ते पुस्तक त्याच्या नाकासमोर धरायचं असं ठरवूनच मी गेले. काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं. त्याच्या गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं.

गाडी स्टँडवर उभी होती आणि व्हर्लिन मागच्या सीटवर बसला होता. पुढची सीट रिकामी. एक हात रिकाम्या सीटवर, उजवा पाय खाली लोंबकळतोय, दुसऱ्या हातात मोजायची टेप. आणि ती टेप त्यानं नाकाला टेकवली होती. अगदी टेकवली होती, आकडा हुंगून कळणार असल्यासारखी.

‘‘व्हर्लिन.’’

तो दचकला आणि टेप खाली पडली. उतरून तो ती शोधायला लागला. पिवळीधमक टेप, खाली करडी फरशी, आणि त्याचा हात तिच्यापासून फूटभर अंतरावर जमीन चाचपत होता. मी टेप उचलून त्याच्या हातात दिली.

‘‘किती दिवस झाले?’’ मी विचारलं.

‘‘कशाला?’’

‘‘मेल्या, डोळ्यांना!’’

त्यानं टेप खिशात घातली, काढली, पुन्हा घातली.

‘‘दोन वर्षं. मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. सरळ बघितलं की मधे नुसता राखाडी गोळा. आत्ता तुझे कान तेवढे दिसतायत.’’

‘‘बाकी नव्यानं बघण्यासारखं काही उरलेलं नाही.’’

‘‘डॉक्टरला मी तेच सांगितलं.’’

मला हसू आलं आणि त्याचा भयंकर राग आला, दोन्ही एकदम. म्हणून हा चालत यायचा. मला वाटायचं पोट कमी करतोय. म्हणून अंगठ्यानं तपासायचा. मी पोटरी दाखवत होते तेव्हा त्याला लाजबीज काही वाटली नव्हती, पोटरी कुठे आहे तेच दिसत नव्हतं.

‘‘लायसन्स?’’

‘‘मार्चमधेच देऊन टाकलं.’’

‘‘आणि हे कुणाला कुणाला माहीत आहे?’’

‘‘ऑर्डेलला. त्याला सांगावंच लागलं.’’ तो गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभा राहिला. ‘‘शेवटची दोन वर्षं हिचं काम मी नुसतं चाचपून केलंय, मार्लिस. अजून थोड्या दिवसांनी कडेचंही जाईल म्हणतात. हिला एकदा पळू दे, मी वर बसलेला असताना. मग न्यायची तिथं नेऊ देत. मला एवढंच पाहिजे.’’

‘‘म्हणून मागची सीट. म्हणून दोन इंच.’’

‘‘पाय टेकत नाही माझा नीट. पाय टेकला नाही तर वळणावर कळत नाही आपण किती कललोय ते. बघून कळायचं, ते गेलं.’’

इथवर मी शहाण्यासारखी वागले होते. तिथंच निघाले असते तर बरं झालं असतं. पण मी विचारलं, ‘‘चालवणार कोण?’’

‘‘ऑर्डेल.’’

‘‘ऑर्डेल!’’ माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. ‘‘दरवर्षी ट्रेलर मागे घेताना जो चर्चची टपालपेटी पाडतो, तो ऑर्डेल? त्याची गाडी म्हणजे सोफ्याला चाकं लावलीत! मी काय मेले होते?’’

‘‘ही तुला झेपायची नाही. हिचा गिअर उजव्या पायाला आहे, ब्रेक डाव्या.’’

‘‘मला सांगतोस? मागे बसून दुसरं काय बघत होते मी? आणि तुला सोडल्यावर पहिल्या पगारात मी लायसन्स काढलं, पंधरा वर्षं स्वतःची गाडी चालवली, ती तुला दिसली नाही? तेव्हा तर डोळे होते!’’

‘‘दिसली.’’

‘‘एकदासुद्धा तू मला हिचं हँडल धरू दिलं नाहीस. रस्त्यावर सोड, अंगणातसुद्धा नाही. एकोणीस वर्षांत एकदासुद्धा नाही. का रे?’’

त्यानं टाकीवरचा हात काढून घेतला. मग चिडूनच म्हणाला, ‘‘तुला चालवता आली असती तर तू निघून गेली असतीस.’’

‘‘गेलेच की. बसनं.’’

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं.

‘‘ब्रॅकेट पाहिजेत ना?’’ मी शेवटी म्हटलं. ‘‘मग चालवणार मी.’’

‘‘नाही. ऑर्डेलला शब्द दिलाय.’’

‘‘मग बस लोंबकळत,’’ मी म्हटलं, आणि पुस्तक बाकावर आपटून निघून आले.

शनिवारी मी काही बनवणार नव्हते. सकाळी कपडे धुतले, ते वाळत घातले, टोमॅटोला पाणी दिलं. मग गॅरेजात नुसता झाडू मारायचा म्हणून गेले आणि दहाच्या सुमाराला माझ्या हातात पाव इंची पट्टी होती. मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की शेजारचा कुत्रा उठून लांब जाऊन बसला.

व्हर्लिननं दोन इंच सांगितले होते. पण ते माप नाकाला टेप लावून घेतलेलं, आणि वर त्यात त्याची घमेंड मिसळलेली. अठ्ठ्याऐंशी साली तो धान्याच्या कोठाराच्या शिडीवरून पडला. तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा पुरता दुमडत नाही, आणि हे त्यानं आजवर कुणाजवळ कबूल केलेलं नाही. मोजताना श्वास रोखून गुडघा बळंच दुमडला असणार, दुसरं काय. बावीस मैल तसं बसून दाखव म्हणावं. त्याच्या पँटी एकोणीस वर्षं मी कमी-जास्त केल्यात. त्याच्या पायाचं माप मला टेपशिवाय माहीत आहे. मी बाकावर खडूनं रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. पावणेतीन.

दोन पट्ट्या कापल्या. डावी साधी, उजवी बाहेरून वळसा घेणारी. भोकांच्या जागी पंचानं खूण केली आणि ड्रिल हळूहळू उतरवलं. घाई केली की भोक सरकतं आणि मग आयुष्यभर तो बोल्ट वाकड्या तोंडानं बसतो. पट्टी लाल केली, वाकवली, गुण्या लावून कोन पाहिला. पुन्हा लाल केली, कारण केसभर राहिलं होतं. शेवटी दोन्ही शेजारी शेजारी व्हाइसमधे धरून एकदमच कानस मारली. खालची, आतली, कुणालाही कधी न दिसणारी कडसुद्धा गोल केली. ही कड कशाला करतेस, असं मी मोठ्यानं विचारलंही. त्याला दिसत नाही, पण त्याचा अंगठा सगळीकडे जातो.

काळा रंग दिला. कुठला काळा ते विचारायला मी गेले नाही.

रविवारी तळ्याकाठच्या पार्कात नऊच्या आधीच तीसेक गाड्या लागल्या होत्या. तंबू, घडीच्या खुर्च्या, कॉफीचा मोठा पिंप. चर्चच्या बायकांनी लेमन बार्स, म्हणजे लिंबाच्या वड्या, आणून मांडलेल्या. ऑर्डेल छातीवर क्लबचे बिल्ले लावून कर्णा तपासत होता, म्हणजे दर मिनिटाला ‘हॅलो, हॅलो’ करून तळ्यातली बदकं उठवत होता. व्हर्लिनची गाडी रांगेत शेवटची होती. तो तिच्याजवळ उभा राहून टाकी पुसत होता. आधीच लख्ख असलेली टाकी तो पुसत होता, आणि मधेच मान कोंबडीसारखी तिरपी करून कडेच्या नजरेनं तिला बघून घेत होता.

हे मला दिसायला नको होतं. तावातावानं आले होते, अट मान्य असेल तर बोल असं म्हणणार होते. ते सगळं तिथंच विरलं.

‘‘सरक,’’ मी म्हटलं.

‘‘मार्लिस?’’

‘‘नाही, पोप. सरक तिकडे.’’

मी गवतात गुडघे टेकले आणि दोन्ही ब्रॅकेट लावली. चारी बोल्ट हातानं आत गेले, मग पाना घेऊन आवळले. तेवढ्यात ऑर्डेल पुस्तक घेऊन आलाच. त्यानं चित्र पाहिलं, ब्रॅकेट पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता नंबराचा कागद दिला.

व्हर्लिननं वाकून अंगठा फिरवला. वरून, खालून. खालच्या कडेपाशी अंगठा थांबला आणि तिथून परत एकदा फिरला. मग तो मागच्या सीटवर बसला आणि पाय टेकवले.

‘‘मी दोन सांगितले होते,’’ तो म्हणाला.

‘‘तुझा गुडघा पावणेतीन मागतो.’’

‘‘गुडघ्याला काही झालेलं नाही.’’

‘‘बरं.’’

त्यानं उजवा पाय उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. न शोधता पाय दर वेळी दांडीवरच येत होता.

मग ऑर्डेल पुढच्या सीटवर चढला आणि गाडीनं हाय खाल्ली. चौथ्या किकला इंजिन सुरू झालं. त्यानं सवयीनं डावा पाय गिअरला म्हणून दाबला, तो ब्रेक निघाला, आणि गाडी जागच्या जागी अडखळून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी हातभर पुढे गेली, त्याला उजव्या पायाची आठवण झाली म्हणून त्यानं तो जोरात हाणला, आणि अशी काही उसळली की व्हर्लिनचं नाक ऑर्डेलच्या पाठीवर आपटलं. लोक हसायला लागले. मी हसले नाही. इंजिनातून जो आवाज आला तो मला माझ्या दातात जाणवला.

‘‘ऑर्डेल,’’ व्हर्लिन म्हणाला, ‘‘उतर.’’

‘‘अरे, जमेल, एकदा हात बसला की...’’

‘‘हात नाही रे बाबा, पाय! उतर आधी.’’

ऑर्डेल उतरला. सुटल्यासारखा उतरला, खरं सांगायचं तर. रांगेतल्या बाकीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. व्हर्लिननं नाक चोळलं आणि तोंड फिरवलं ते थेट कॉफीच्या पिंपाकडे, जिथं पास्टरची बायको उभी होती.

‘‘मार्लिस,’’ तो तिला म्हणाला, ‘‘तू चालव.’’

‘‘इकडे आहे मी, मेल्या!’’

‘‘मग तिकडून चालव!’’

माझं हेल्मेट पिकअपमधे होतं. का ठेवलं होतं ते मला विचारू नका. मी चढले, हँडल धरलं. ते माझ्या कल्पनेपेक्षा अरुंद होतं. इतकी वर्षं मागून बघून मला ते फार मोठं वाटायचं.

‘‘डावीकडची बारकी दांडी आधी...’’ मागून सुरू झालं.

‘‘माहीत आहे.’’

‘‘आणि किक मारताना...’’

‘‘व्हर्लिन, तू तोंड मिटलंस तर ही सुरू होईल.’’

ती पहिल्याच किकला सुरू झाली. यात माझं कौतुक काही नाही, ऑर्डेलनं तापवून ठेवली होती. पहिला गिअर उजव्या पायानं टाकताना माझा डावा पाय मूर्खासारखा वळवळला, पण मी त्याला आवरलं. गेटपर्यंत दोन धक्के बसले. रस्त्याला लागल्यावर ती सुतासारखी सरळ झाली.

पहिले पाच मैल त्यानं मला गाडी शिकवली. गिअर बदल, आता बदल, अगं आता! मी एकदा वळून बघते अशी धमकी दिली तेव्हा गप्प बसला. मग वळणं आली. पहिल्या वळणावर मला तो मागे ताठरलेला कळला. दुसऱ्यावर कमी. तिसऱ्यावर गाडी कलली तसा तो तिच्याबरोबर कलला, बरोबर तेवढाच. पाय टेकलेले होते, त्याला सगळं कळत होतं.

‘‘काय दिसतंय?’’ त्यानं ओरडून विचारलं.

‘‘रस्ता!’’

‘‘आणि?’’

मला असल्या गोष्टी सांगता येत नाहीत. पण मी ओरडून सांगायला लागले. तळं डावीकडे, आज निळं नाही, करडं आहे. स्वेनसनांचा होडी बांधायचा धक्का पुन्हा बुडालाय. एका होडीत दोन माणसं आहेत, त्यातलं एक झोपलंय. मका खांद्याएवढा आलाय. पत्र्याच्या कोठाराला कुणीतरी जांभळा रंग दिलाय, होय जांभळा, वेडे आहेत लोक. जरा थांबले की मागून ‘‘आणि?’’ यायचं. माझा घसा बसायला आला. तरी सांगत राहिले.

बावीस मैल इतक्या लवकर संपतात हे मला माहीत नव्हतं. वळण घेतलं आणि समोर पार्कचं गेट आलं. तंबू दिसले. ऑर्डेल कर्ण्यावरून ओरडत होता की शेवटची गाडी आली, एक्कावन्न सालची, टाळ्या वाजवा मंडळी. तो आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत जात असेल. गेटात शिरलं की इंजिन बंद करायचं आणि उद्या सकाळी व्हॅन.

‘‘किती राहिलंय?’’ व्हर्लिननं मागून विचारलं.

ऑर्डेलनं गेटात येऊन हात दाखवला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. उजव्या पायानं वरचा गिअर टाकला आणि गेटावरून सरळ पुढे निघाले.

‘‘अजून बरंच आहे,’’ मी म्हटलं.

मागे कर्णा आमच्या नावानं ओरडत राहिला, मार्लिस, व्हर्लिन, अरे कुठं चाललात. बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं.

‘‘बरं,’’ व्हर्लिन म्हणाला, आणि पाय नीट रोवून बसला.